वाईटपणा घेणारी

मला राग येतो. हे आधीच सांगून टाकते, कारण कोल्हापुरातल्या डॉक्टरमंडळींत माझी ओळख तेवढ्या एका गुणावर आहे. मी भूलतज्ज्ञ आहे. माझ्यासारख्या फिरत्या भूलवालीला स्वतःचा दवाखाना नसतो, दारावर पाटी नसते, पेशंटही नसतात. एखाद्या सर्जनचा फोन आला की आपली बॅग घेऊन त्याच्या हॉस्पिटलात जायचं, त्याच्या पेशंटला झोपवायचं, काम उरकलं की जागं करायचं आणि पुढच्या हॉस्पिटलात जायचं. सकाळी राजारामपुरी, दुपारी उचगाव, संध्याकाळी कसबा बावडा. पेशंट बरा होऊन घरी निघाला की पेढे सर्जनला. झोपवणारी बाई कोण होती हे पेशंटला आठवत नाही, आणि त्यात त्याची चूक नाही, तो झोपलेलाच असतो.

माझं स्टूल टेबलाच्या डोक्याकडच्या बाजूला असतं. तिथून पेशंटचं तोंड दिसतं आणि मान वर केली की सर्जनचं. इतकी वर्षं मी या दोनच गोष्टी बघत आले. माणसाचा खरा स्वभाव बघायचा असेल तर रक्त थांबत नसताना बघावा. एक जण आहेत, ते कात्री भिंतीवर फेकतात. दुसरे सगळा दोष सिस्टरला देतात, दिवा नीट धरला नाहीस, मशीन नीट लावलं नाहीस, आणि शेवटी आई-बापावर घसरतात. तिसरे गाणं गुणगुणतात, आणि गुणगुणणं थांबलं की मी समजते, आत काहीतरी बिघडलंय. या सगळ्यांशी माझं कधी ना कधी भांडण झालेलं आहे. कात्रीवाल्यांना तर मी सांगितलं होतं की पुन्हा फेकलीत तर मी पेशंटला जागं करून तुमचं हे रूप दाखवीन. ते हसले आणि पुन्हा कात्री फेकली नाही, निदान माझ्यासमोर.

ज्यांच्याशी माझं कधीच भांडण झालं नव्हतं, त्यांची ही गोष्ट आहे. मनातल्या मनात मी त्यांना गोड डॉक्टर म्हणायची. पोटाचे सर्जन, माझ्याच वयाचे, बावड्याच्या वाटेवर स्वतःचं हॉस्पिटल. आवाज चढलेला कुणी ऐकला नाही. म्हातारं माणूस आलं की उठून उभे राहायचे, पायातली चप्पल सरकली तर स्वतः वाकून सरळ करून द्यायचे. फोन रात्रीअपरात्री उचलायचे. लोकांनी मोबाइलवर त्यांना भरभरून चांदण्या दिलेल्या होत्या आणि खाली लिहिलेलं असायचं, देवमाणूस. आणि हा देवमाणूस कुणाला नाही म्हणायचा नाही. सासुरवाडीच्या लोकांनी गळ घातली म्हणून आठवड्यातून एकदा पेठ वडगावला बाह्यरुग्ण विभाग, कुणा पुढाऱ्याचा निरोप आला म्हणून रविवारी ऑपरेशन, कुणाच्या सुनेला सुट्टी नाही म्हणून पहाटे तपासणी. माझी आई म्हणायची, भीड ही भिकेची बहीण. पण या माणसाच्या दारात भीकबीक काही दिसत नव्हती, उलट गर्दी वाढतच होती.

मला एवढं गोड बोलणारी माणसं पचत नाहीत. तरी या डॉक्टरांबद्दल माझ्या मनात एक कोपरा मऊ होता, कारण ते मला अवघड केसला बोलवायचे. साध्या हर्नियाला, अपेंडिक्सला कुणीही चालायचं. पण हृदयाचं दुखणं असलेला म्हातारा, दम्याची बाई, अफाट वजनाचा माणूस असला की त्यांचा फोन यायचा, "मॅडम, या केसला तुम्हीच हव्यात." मला त्याचा अभिमान होता. घरी जेवताना मी नवऱ्याला सांगायची की माझा हात कुणाला कळला असेल तर तो या एका माणसाला. नवरा बँकेत नोकरीला, त्याला यातलं काही कळत नाही, पण तो मान डोलवायचा.

मध्यंतरी आमच्यातला एक तरुण हाडांचा डॉक्टर पेशंट तपासता तपासता खुर्चीतच गेला. सगळे हादरले आणि मग आमच्या मंडळींना एकदम डॉक्टरांच्या मनाची काळजी वाटायला लागली. एका हॉटेलच्या हॉलमध्ये कार्यशाळा ठेवली. विषय, डॉक्टरांचा स्वभाव आणि कामाचा ताण. पुण्याहून एक बाई आल्या होत्या, गळ्यात रेशमी स्कार्फ, हातात माइक. त्यांनी सगळ्यांना मोबाइलवर प्रश्न सोडवायला लावले. तुम्हाला लहानसहान गोष्टींचा त्रास होतो का, तुम्ही दुसऱ्याशी पटकन जुळवून घेता का, सकाळी कामाला जाताना आनंद वाटतो का. मी खरी उत्तरं दिली. हा माझा मूर्खपणा होता, असल्या ठिकाणी खरं लिहायचं नसतं.

थोड्या वेळानं बाईंनी पडद्यावर रंग दाखवले. बहुतेक मंडळी पिवळ्यात. मी लाल. म्हणजे चिडकी, अस्थिर, ताण जास्त, समाधान कमी. नाव दाखवणार नाही असं त्यांनी आधी कबूल केलं होतं, पण लाल रंगात कोण हे हॉलमध्ये सगळ्यांनाच कळलं, कारण सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. बाई मला म्हणाल्या, बोलण्याआधी दीर्घ श्वास घ्या आणि मनात दहापर्यंत मोजा. मी उठून म्हटलं, मी दहापर्यंत मोजत बसले तर टेबलावरचा माणूस निळा पडतो. हॉल हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं की विनोद हीसुद्धा एक पळवाट असते.

हिरव्या रंगात गोड डॉक्टर. बाईंनी त्यांना स्टेजवर बोलावलं आणि तुमचं रहस्य सांगा म्हणाल्या. ते हात जोडून उभे राहिले, म्हणाले की रहस्य कसलं, मी ताण घेतच नाही, समोरच्याचं ऐकून घेतो, हसतो आणि पुढं जातो. टाळ्या पडल्या. कात्री फेकणाऱ्यांनीही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, पण माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. घरी येताना मी गाडीत एकटीच त्या बाईंना शिव्या देत होते. स्कार्फ घालून पुण्याहून यायचं, आमच्या माणसांना रंग फासायचे आणि मानधन घेऊन परत जायचं, हे काय काम झालं. आणि तरी खरं सांगते, मनात कुठंतरी वाटत होतं की बाई चुकत नसतील. हा माणूस तृप्त आहे आणि मी नाही, हे दिसतच होतं.

त्यानंतर काही आठवड्यांनी त्यांचा फोन आला. पेठ वडगावची केस आहे, पित्ताशयातले खडे, बाई तरुण आहे, पण घरचे जरा अवघड आहेत, तुम्हीच या. केस साधी होती, मग मी कशाला, असं मला वाटलं, पण विचारलं नाही. सकाळी पोचले तर हॉस्पिटलच्या अंगणात दोन जीप उभ्या आणि जिन्यापर्यंत माणसं. पेशंट बाई किराणामालाच्या घाऊक व्यापाऱ्याची सून होती, डॉक्टरांच्या बायकोच्या माहेरच्या नात्यातली. पंचांग बघून दिवस धरलेला होता, कारण दुसऱ्या दिवशी अमावस्या.

ऑपरेशनआधी पेशंट उपाशी हवा, हे आता सगळ्यांना माहीत आहे. हॉस्पिटलातून फोन करून बजावतातही. पण काही खाल्लंय का असं विचारलं की आमच्याकडची माणसं हमखास नाही म्हणतात, आणि ती खोटं बोलत नसतात. इथं खाणं म्हणजे भाकरी. बाकीचं पोटात गेलेलं मोजत नाहीत. म्हणून मी तो प्रश्न विचारतच नाही. मी ट्रॉलीवर झोपलेल्या त्या बाईच्या कपाळावर हात ठेवला आणि विचारलं, "घरातनं निघताना हातावर दही कुणी घातलं?"

"आत्याबाईंनी घातलं की," ती म्हणाली. आत्याबाई म्हणजे तिची सासू.

शुभकामाला निघालेल्या माणसाच्या तळहातावर दही-साखर घालायची पद्धत आहे. ऑपरेशन हेही कामच. मी विचारलं, दह्यानंतर काय. तिनं सरळ सांगितलं, "दहीभात. रिकाम्या पोटी उंबरा वलांडू न्हाय म्हणत्यात. जेवान न्हाय केलं, उपाशीच हाय मी." किती भात, तर वाटीभर. आणि इथं आल्यावर समोरच्या टपरीवर दुधाचा चहा, कारण वाट बघून जीव घाबरा झाला होता.

भूल दिली की माणसाबरोबर त्याचा घसाही झोपतो. पोटातलं वर आलं तर अडवायला कुणी जागं नसतं, ते सरळ फुप्फुसात जातं. शिकत असताना मी एकदा असं झालेलं बघितलंय आणि पुन्हा बघायची माझी तयारी नाही. पोट फुटलंय, रक्त वाहतंय, असं असेल तर आम्ही तो धोका पत्करतो, त्याच्या युक्त्या असतात. पण वर्षभर मुकाट पडून असलेल्या खड्यांसाठी कशाला पत्करायचा? मी सिस्टरला म्हटलं, केस थांबवा.

गोड डॉक्टर आले. त्यांनी ऐकून घेतलं, हसले आणि म्हणाले की वाटीभरच आहे हो मॅडम, बघा काही जमतंय का. मी म्हटलं, संध्याकाळी घेऊ. संध्याकाळी त्यांना दुसऱ्या तीन ठिकाणी जायचं होतं, तिघांनाही शब्द दिलेला. मग उद्या. उद्या अमावस्या, घरचे ऐकणार नाहीत. मग परवा. परवा वडगावचा बाह्यरुग्ण विभाग. या माणसाच्या आयुष्यात एका नकाराची जागा रिकामी नव्हती. शेवटी ते नेहमीसारखं म्हणाले, तुम्हीच जरा बाहेर जाऊन सांगता का, तुम्ही नीट समजावता. आजवर हे असंच चालत आलं होतं. मी तशीच टोपी घालून बाहेर गेले आणि त्या घरच्या माणसांना खणखणीत आवाजात सांगितलं की पेशंटनं खाल्लेलं आहे, आज ऑपरेशन होणार नाही.

सासू रडायला लागली, की दह्याला खाणं कधीपासून म्हणायला लागले.  मग पुढं आला तो सुनेच्या नवऱ्याचा चुलता, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं.

"डॉक्टरसाहेब तयार हायत की," तो म्हणाला. "आत्ताच म्हणाले, माझं काय न्हाय पावणं, भूलवाल्या बाईंचं बघा. दर टायमाला तुमीच नडताय. आमच्या मेव्हण्याच्या टायमालाबी तुमीच आडवं पडला. डॉक्टर हात जोडून म्हणाले, काय करू, बाई लई खाष्ट हाय, ऐकतच न्हाय."

तो मेव्हणा मला चांगला आठवत होता. हृदयाची धडधड धड नाही, पायावर सूज, आणि हर्निया काढायला आला होता. मी हृदयाच्या डॉक्टरकडे पाठवल्याशिवाय हात लावणार नाही म्हटलं होतं. त्या दिवशी गोड डॉक्टर मला म्हणाले होते, बरं झालं तुम्ही बोललात, माझ्याही मनात तेच होतं. आणि बाहेर जाऊन या माणसांना हात जोडले होते.  मी तशीच वळले आणि कपडे बदलायच्या खोलीत गेले. डॉक्टर तिथं बाकावर बसून चहा पीत होते.

मी विचारलं, तुम्ही लोकांना असं सांगता का की तुमची तयारी असते आणि मी नडते? ते नाही म्हणाले नाहीत. लपवलंही नाही. एखाद्याचं कौतुक करावं तसं बोलले.

"मग मी तुम्हाला कशाला बोलावतो असं वाटतं, मॅडम? भूल द्यायला गावात पुष्कळ आहेत, तुमच्याइतकेच हुशार. ज्या केसला माझं मन घेत नाही, तिथं मी तुम्हाला बोलावतो. तुम्ही नाही म्हणता, मी सुटतो. माझ्यानं होत नाही ते. तुम्हाला त्याचा काही त्रास होत नाही, तुमचा स्वभावच तसा आहे."

त्रास होत नाही! याच अंगणात कुणीतरी माझ्या गाडीचं टायर फाडलं होतं. तेव्हा यांनी नवीन टायर घालून दिलं होतं आणि वर मिठाई पाठवली होती. एका म्हाताऱ्यानं माझ्या पायाजवळ थुंकून तू बाई न्हवंस असं म्हटलं होतं. भाजी घेताना दोन बायका माझ्या मुलीच्या देखत बोलल्या होत्या की ती बघ, माणूस मरायला टेकला तरी हिचं आपलं न्हाय न्हाय चालू. मुलगी घरी येऊन रडली होती. हा सगळा वाईटपणा मी माझ्या स्वभावाच्या खात्यावर घेत आले. पण मला खरं लागलं ते हे नाही. मला लागलं ते हे, की माझा हात चांगला म्हणून मला बोलावतात असं मी समजत होते आणि यांना माझी फक्त जीभ हवी होती. मी केलेल्या त्या सगळ्या अवघड केसेस, बारीक नळ्या, तासन्तास धरलेल्या नाड्या, यांना त्याचं काहीच नव्हतं. इतकी वर्षं मी जेवताना नवऱ्याला काय काय सांगत होते, ते आठवून माझा चेहरा तापला. त्या क्षणी मला या माणसाचा एवढा द्वेष वाटला की डोक्यावरची टोपी काढून मी त्याच्या चहाच्या कपात बुचकळली असती.

मी दहापर्यंत मोजलं नाही. म्हटलं, चला माझ्याबरोबर. त्यांना वाटलं मी पुन्हा नातेवाइकांना समजावायला निघाले, म्हणून ते हसत उठले. जिन्याजवळ सगळे उभे होते. मी चुलत्यासमोर जाऊन म्हटलं, "पावणं, माझी तयारी आहे. आता डॉक्टर म्हणतील तसं."

ती माणसं एकदम खूश झाली. सासूनं डोळे पुसून माझ्या हातावरून हात फिरवला. चुलता म्हणाला, बघा, बाईंचं मन चांगलं हाय, बोलणं तेवढं तिखट. सगळ्यांनी डॉक्टरांकडे बघितलं.

इथं एक सांगते. त्यांनी हो म्हटलं असतं, तरी मी त्या बाईच्या शिरेत थेंबभरसुद्धा औषध जाऊ दिलं नसतं. बॅग उचलून निघून गेले असते, आणि गावभर शिमगा झाला असता तर होऊ दिला असता. पण हे मला माहीत होतं, त्यांना नाही. त्यांच्या डोळ्यांत मला दिसत होतं की ते मला ओळखायचा प्रयत्न करताहेत आणि ओळख पटत नाही.

ते हसतच म्हणाले, मॅडम चेष्टा करतायत. मी म्हटलं, मी कधी चेष्टा करते का? चुलत्यानं सिस्टरला ट्रॉली आत घ्यायला सांगितलं, जणू हॉस्पिटल त्याचंच. ट्रॉलीची चाकं खरंच वाजली. ती सून झोपल्या झोपल्या सासूकडे बघून हात हलवत होती. आणि मी, खोटं कशाला बोलू, मी त्या हलणाऱ्या हाताकडे बघून घाबरले. मला वाटलं, हा माणूस हो म्हणणार. नुसत्या भिडेपायी हो म्हणणार, मी गेले तर दुसऱ्या कुणाला फोन करून बोलावणार, आणि तो दुसरा यांचं ऐकून भूल देणार.

"नाही," डॉक्टर म्हणाले. आवाज इतका बारीक होता की चुलत्यानं काय, काय, असं विचारलं. मग ते जरा मोठ्यानं म्हणाले, "आज नाही करता येणार. पोटात अन्न आहे. जीव जाईल तिचा. मी करणार नाही."

पुढं जे झालं ते मी आजवर माझ्या बाबतीत बघत आले होते, त्यांच्या बाबतीत पहिल्यांदा बघितलं. चुलता एकदम 'तुम्ही'वरून 'तू'वर आला. आमच्या लेकीचं घर म्हणून विश्वासानं आलो, आता आमचीच चूक काढतोस काय, भूलवाली तयार हाय आणि तुला काय झालंय. सासू म्हणाली की माझ्या दह्यानं सून मरती म्हणतो हा. कुणीतरी मोबाइल वर धरून चित्रण सुरू केलं. नवऱ्यानं ट्रॉलीवरून बायकोला उतरवलं आणि ती सगळी वरात खाली जीपकडे निघाली. चुलत्यानं जाता जाता डॉक्टरांच्या छातीला बोट लावून ढकललं. जोरात नाही, पण ते भिंतीला टेकले. मी मध्ये पडले नाही. मला बरं वाटत होतं. हे बरं दिसत नाही म्हणून मी ते लपवणार नाही.

खोलीत परत आल्यावर त्यांनी गार झालेला चहा बाजूला सारला. त्यांचा शर्ट पाठीवर ओला झाला होता. 

"तुम्ही मुद्दाम केलंत," ते म्हणाले.

"हो."

"मला हे जमत नाही. आतून काहीतरी तुटतं माझं. लहानपणापासून असं आहे. तुम्हाला राग येतो, तुम्ही बोलून मोकळ्या होता. मी कुठं जाऊ?"

मी म्हटलं, तुम्ही आजवर माझ्याकडे येत होता, आता दुसरीकडे बघा. त्यावर त्यांनी मला एक शिवी दिली. बाईमाणसाला द्यायची नसते अशी, साधी, उघडी, गावाकडची शिवी. माझ्याशी इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच खरं बोलले, असं मला वाटलं. मी बॅग उचलली आणि गाडीत येऊन बसले. 

त्या सुनेला त्यांनी शहरातल्या दुसऱ्या हॉस्पिटलात नेलं. तिथला भूलतज्ज्ञ माझ्या ओळखीचा होता. त्यानंही तेच विचारलं, तेच उत्तर मिळालं, आणि संध्याकाळपर्यंत थांबवून मग ऑपरेशन केलं. अमावस्या लागायच्या आत झालं म्हणून घरचे खूश. आता चार ठिकाणी तेच लोक सांगत असतील की बावड्याचा डॉक्टर बिघडला.

मला त्यांचा फोन पुन्हा आला नाही. येणार नव्हताच. पेशंटसमोर सर्जनला तोंडघशी पाडणारी बाई, असं माझं नाव गावभर झालं आणि आणखी दोन-तीन ठिकाणचं काम सुटलं. कात्रीवाल्यांनी मात्र मुद्दाम बोलावून चहा पाजला आणि सगळा किस्सा दोनदा सांगायला लावला. मला काम कमी झाल्याचं वाईट वाटलं, केल्याचं नाही. रात्री जेवताना मी नवऱ्याला सगळं सांगितलं. माझा हात कुणाला कळत नाही, असंही सांगितलं. त्यानं नेहमीसारखी मान डोलवली, आणि मी त्याच्यावरही भडकले.

गोड डॉक्टरांनी नंतर एक नवी मुलगी पूर्णवेळ ठेवून घेतली. नुकतीच शिकून आलेली, हुशार, मृदू, कुणाला दुखवणार नाही अशी. हॉस्पिटलची गर्दी कमी झाली नाही. चांदण्याही आहेत तशाच आहेत.

परवा एका स्त्रीरोगतज्ज्ञांच्या मुलाच्या रिसेप्शनला ती मुलगी मला भेटली. हातात ताट घेऊन स्वतःहून जवळ आली, वाकून नमस्कार केला, म्हणाली की तुमच्याबद्दल खूप ऐकलंय. काय ऐकलं असेल ते मला माहीत होतं. मी तिला कामाचं विचारलं. ती सांगायला लागली की खूप शिकायला मिळतं, सर किती शांत आहेत, थिएटरमध्ये कधी आवाज चढवत नाहीत, कसल्याही केसला मागं हटत नाहीत. हृदयाच्या, वजनाच्या, म्हाताऱ्यांच्या, सगळ्या केसेस घेतात. पूर्वी म्हणे बऱ्याच केसेस परत जायच्या, आता एकही जात नाही. हॉलच्या पलीकडच्या टोकाला ते उभे होते, येणाऱ्या-जाणाऱ्याला हात जोडत.

मी तिला विचारलं, "तू त्यांना कधी नाही म्हणालीस?"

तिला प्रश्न कळायलाच वेळ लागला. मग ती हसली. "सरांना? सर किती चांगले आहेत, मॅडम. त्यांना नाही कसं म्हणणार?"

"मग तिथं टेबलावरचा माणूस कुणाच्या भरवशावर झोपतो गं?" मी म्हटलं. आवाज चढला होता, शेजारचे दोघं वळून बघायला लागले. मुलगी घाबरून सॉरी मॅडम म्हणाली आणि आइस्क्रीम आणायला निघून गेली.